नंबर ४०६३, सुरुवात केली नाही

२ मार्च

मायना घालत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर खोटं होईल, आणि ज्या शब्दाने तुला जन्मभर हाक मारली तो मी तीन वर्षांपूर्वी बंद केला आहे. तू थोरली, मी धाकटी, एवढं पाकिटावरच्या अक्षरावरून कळेलच तुला.

पुढच्या रविवारी, दहा तारखेला, मी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत पळणार आहे. जाहीर शर्यत आहे, रस्ते बंद करून घेतात ती. पहिलीच. माझा नंबर ४०६३. शेहेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं म्हणू नकोस, ते माझं मी रोज म्हणते. शर्यतीच्या यादीत नंबर टाकला की कोण किती वेळात पोहोचलं ते कुठूनही बघता येतं म्हणे. तू बघावंस म्हणून लिहीत नाही. मागाहून कुणाकडून कळलं तर म्हणशील, मला सांगितलं नाही. म्हणून सांगितलं.

उत्तर नको.

धाकटी


११ मार्च

उत्तर नको म्हटलं होतं, तरी तू पाठवलंसच. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी तेव्हा दोन्ही पाय बादलीत घालून दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते. ‘यादी पाहिली. नंबर ४०६३, सुरुवात केली नाही. नवल वाटलं नाही.’ तीन वर्षांत तुझे दहा शब्द आले, आणि त्यातले दोन ‘नाही’.

सुरुवात केली नाही म्हणजे काय गं? मग माझ्या उजव्या पायाचा अंगठा काळानिळा कुणी केला? काखेतलं कातडं कुणी सोललं? आज सकाळपासून मी जिना उलटा उतरते आहे, कठड्याला धरून, पाठीमागे बघत, ते काय हौस म्हणून?

यादीत काय लिहिलंय ते मीही पाहिलं. का लिहिलंय ते मला ठाऊक नाही. आयोजकांचा गोंधळ असणार, दुसरं काय. त्यांना बघतेच मी. पण यादी चुकली असेल असं तुझ्या मनातही आलं नाही, हे मला लागलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

फोन करणार होते. पण फोनवर तू मधेच बोलतेस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. कात्री बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच. जन्मभर तू मला धडे दिलेस, आता एकदा माझे ऐक.

आपल्या दुकानाला भिंत लावून बसणारे घड्याळजी आठवतात ना? तू त्यांना टिकटिके म्हणायचीस. त्यांनीच मला पळायला लावलं. म्हणजे ते स्वतः पळत नाहीत, त्यांचे गुडघे कधीच गेलेत. पण त्यांनी एक जुनं स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “दिवसभर मशीनवर पाय मारता, पण जागच्या हलत नाही. तेवढेच पाय रस्त्यावर मारा.” आठ महिने मारले. पहिल्या दिवशी टपाल कचेरीपर्यंत पोहोचले आणि खांब धरून उभी राहिले. आता नदीवरचा पूल ओलांडून परत येते.

शर्यतीबद्दल त्यांनी एकच बजावलं होतं: “पहिले पाच किलोमीटर लाज वाटेल इतकं हळू पळा.” मी मान डोलावली. आणि शिट्टी झाली तशी गर्दी पळाली म्हणून मी पळाले. चार हजार माणसं एकदम धावली की आपले पाय आपले राहत नाहीत. तीन किलोमीटरपर्यंत मला वाटत होतं, अगं, हे तर सोपं आहे. कॉलेजातल्या मुली मागे पडत होत्या. सातव्याला बरगडीखाली कळ आली आणि नवव्याला एक आजोबा साध्या चपला घालून माझ्या शेजारून गेले. साध्या चपला, पट्ट्याच्या. ते गाणं गुणगुणत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी जोर करून त्यांना गाठलं, आणि शंभर पावलांत ते पुन्हा पुढे. पहिल्या तीन किलोमीटरांत उधळलेला दम उरलेल्या अठरांत परत मिळत नाही, हे मला चपलांनी शिकवलं.

पाणी पिणंसुद्धा शिकावं लागतं, ठाऊक आहे? मी पळता पळता पेला तोंडाला लावला आणि अर्धं पाणी नाकात. ठसका लागून रस्त्याच्या मधे उभी. पाणी देणारी बाई म्हणाली, “पेल्याचं तोंड चिमटीत धरा हो, चोच करा आणि मग प्या.” पुढच्या टेबलाशी चोच केली. साधी गोष्ट, पण कुणी सांगेपर्यंत सुचत नाही.

आणि हस. टी-शर्ट मी स्वतः शिवला होता. बाजारचा कसा घालणार, आपण कोण! काखेत दुहेरी शिवण घातली, मजबुतीला. त्याच शिवणीने अकराव्या किलोमीटरपासून मला करवतायला सुरुवात केली. रक्त आलं. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण कपडा अंगात घालून तीन तास हात हलवत बसायचं कधी सुचलं नाही. गिऱ्हाईक काखेत टोचतं म्हणालं की आपण म्हणायचो, “एक धुणं होऊ द्या, मऊ पडेल.” त्या सगळ्या गिऱ्हाइकांची मी बाराव्या किलोमीटरला मनोमन माफी मागितली.

नंबर मात्र माझ्यासारखा कुणाचाच नव्हता. बाकीचे सुरुवातीच्या मैदानात उभे राहून चार-चार सेफ्टी पिना लावत होते. कुणाचा तिरपा, कुणाचा लोंबतोय. ‘पिन म्हणजे आळशी माणसाचा टाका’, हे तुझंच वाक्य ना? मी आदल्या संध्याकाळी मशीनवर बसून शिवला. चारही कडांनी बारीक टाका, आणि वारा भरून फुगू नये म्हणून मधोमध एक आडवी शिलाई. अख्ख्या शर्यतीत कागद हलला नाही.

सोळा-सतराच्या दरम्यान तुझ्याशी भांडत होते. खरंच, मोठ्याने. मान खाली घालून, रस्त्याकडे बघत, एकेक मुद्दा काढून. शेजारचा मुलगा घाबरून बाजूला झाला. त्या भांडणावर मी दोन किलोमीटर काढले, त्याबद्दल तुझे आभार. पण तेही शिकले: रागावर माणूस दोन किलोमीटर पळतो, फार तर अडीच. मग राग संपतो आणि पाय तसेच राहतात. एकोणिसाव्याला मी रडले. कुणीही रडतं तिथे, घड्याळजींनी आधीच सांगितलं होतं. रडत रडत पळता येतं, फक्त श्वास चुकतो.

शेवटच्या कमानीवरच्या घड्याळात दोन तास चोपन्न मिनिटं झाली होती. मी डोळ्यांनी पाहिलं. गळ्यात मेडल घातलं. ते आत्ता मशीनच्या हँडलला लटकतंय.

सुरुवात केली नाही म्हणे.

धाकटी


१५ मार्च

पत्र पोहोचलं तर. दुसरा मेसेज आला तुझा: ‘डोळ्यांनी दिसलं असतं तर मानलं असतं.’

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण तुला आरसाही पुरत नाही. पाच पानं लिहिली मी. काळ्यानिळ्या बोटाने जिना उतरून पेटीत टाकली. आणि तू नऊ तासांच्या अंतरावर बसून डोळ्यांचं काय सांगतेस? तुझे डोळे कुठे होते तेव्हा? उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी जवळ आण.

असो. काल शर्यतीच्या कचेरीत जाऊन आले. एका शाळेच्या तळमजल्यावर दोन टेबलं टाकून बसलेत. यादी सांभाळणारी एक बाई आहे, चष्मा कपाळावर चढवून बोलते. तिने नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“बाई, तुम्ही आमच्याकडे नाहीच.”

“म्हणजे?”

“नंबराच्या मागे चिप असते ना, पट्टी चिकटवलेली? सुरुवातीच्या रेघेवर ती वाजते, दहाव्या किलोमीटरला वाजते, शेवटी वाजते. तुमची कुठेच वाजलेली नाही. म्हणजे तुम्ही आला नाहीत.”

“मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“आत्ता आहात. रविवारी नव्हता.”

मी बूट काढून मोजा खाली केला आणि पाय तिच्या टेबलावर ठेवणार होते, खरंच. मग म्हटलं, “मेडल बघा.” तर ती काय म्हणाली, ठाऊक आहे? “मेडलं उरतात हो. लोक मागून घेतात.” मी मेडल मागून घेतलं! शेवटी तिने सांगितलं, आठवड्याभरात फोटो येतील. तीन ठिकाणी फोटोवाले होते. फोटोत नंबर वाचता आला आणि वेळ जुळली तर ती यादी सुधारेल. मुदत पंचवीस तारखेपर्यंत. त्यानंतर यादी पक्की, मग जन्मभर मी ‘सुरुवात केली नाही’.

तुला वाटेल, एवढं काय त्या तीन शब्दांत. मी सांगते काय ते. कारण ते तुझे शब्द आहेत. आयोजकांनी ते तुझ्याकडूनच घेतले असावेत असं मला वाटायला लागलंय.

तीन वर्षांपूर्वी तयार कपड्यांच्या त्या मोठ्या कारखान्यात कटिंग विभागाची प्रमुख म्हणून तुला जागा मिळाली, आनंदाने जायचं होतंस. पण तू माझीही जागा ठरवलीस. विचारलं नाहीस, सांगितलंस. दुकान सोडतोय म्हणून मालकाला परस्पर कळवलंस. माझं मशीन तू पोत्यात बांधलंस, माझ्या कात्र्या तू कापडात गुंडाळल्यास, माझ्या उशीची खोळसुद्धा तू उसवून धुतलीस. आणि मला म्हणालीस, “शनिवारी नऊची बस. साडेआठला स्टँडवर ये, मी सामान घेऊन पुढे होते.” मी “हो” म्हटलं. तुला मी आयुष्यात दुसरं काय म्हटलं होतं? कापड टेबलावर पसरावं तशी तू मला पसरलीस, खडूने रेघा मारल्यास, आणि कात्री लावायच्या वेळी मी सरकले. मग तू तिथून माझं मशीन परत पाठवलंस, सोबत चिठ्ठी: ‘घराचा उंबरठासुद्धा ओलांडला नाहीस. तुझ्याकडून कुठल्याच गोष्टीची सुरुवात होत नाही.’

तीन वर्षं ती चिठ्ठी मशीनच्या खणात आहे. बॉबिनच्या डबीखाली. रोज बॉबिन बदलताना दिसते. आता कळलं मी पळायला का लागले? घड्याळजींनी स्टॉपवॉच दिलं हे खरं, पण त्याआधी दोन वर्षं दुसरंच काहीतरी टिकटिकत होतं.

त्या शनिवारी मी कुठे होते ते तू कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. आणि आता सांगायला काही ते बाजारात मांडलेलं नाही.

धाकटी


१९ मार्च

आज तुला हसायची पूर्ण मुभा आहे. घे हसून.

दुपारी घड्याळजी दुकानात आले आणि म्हणाले, “तो नंबर दाखवा बघू.” मी टी-शर्ट दिला. त्यांनी उलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, “उसवा.”

“का?”

“उसवा तर खरं.”

शिलाई मी घातलेली, निघता निघेना. ब्लेडने एकेक टाका तोडला. कागद सुटला तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मागची ती पट्टी दिव्याखाली धरली. मग ते भिंग माझ्या डोळ्याला लावलं. चांदीसारखी बारीक तार आहे आत, केसाहून बारीक. आणि तिच्यातून ओळीने भोकं. मी मोजली. सात.

“सोळा नंबरची सुई?” त्यांनी विचारलं.

“सोळा नंबरची.”

“बाई, तुम्ही हिला शिवून मारलंत.”

माझी ती मधली आडवी शिलाई. वारा भरून फुगू नये म्हणून घातलेली. बरोबर चिपच्या पोटातून गेली आहे, सरळ, सात टाके, एकही वाकडा नाही. चार हजार माणसांत एकटीने नंबर शिवला आणि चार हजारांत एकटीच आली नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कचेरीतल्या त्या बाईला मी काय काय बोलले होते, ते आठवून कान गरम झाले. पण माझा राग काही जागेवर बसला नाही. तो फिरून तुझ्याकडेच आला. ‘पिन म्हणजे आळशी माणसाचा टाका!’ मी सोळा वर्षांची होते, पायजम्याच्या नाडीला पिन लावून आले तर तू सगळ्या कारागिरांसमोर ती काढलीस आणि मला नाडी हातात धरून उभं केलंस. तेव्हापासून मी पिनेला हात लावला नाही. मैदानावर एका मुलीने मला पिनांची पुडी पुढे केली होती, चार पिना, फुकट. मी नाक वर करून तिला म्हटलं, “आमच्याकडे शिवतात.” आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? तुझ्याकडे.

घड्याळजी जाताना म्हणाले, “काही वस्तू सुटण्यासाठीच लावायच्या असतात हो.” ते पिनेबद्दलच बोलत होते, उगाच मोठं काही समजू नकोस.

आपण शिकाऊ मुलींना काय शिकवायचो? आधी कच्चा टाका. अंगावर घालून बघायचं, कुठे ओढतंय, कुठे फुगतंय, मग पक्का. तू मला कधी कच्चा टाका घातलास? सरळ पक्की शिलाई. आणि मीही तशीच. एकदा नाही आले, तर नाहीच आले. त्यानंतर एक पत्र टाकायचं, एक बस पकडायची, तेही नाही. तीन वर्षं पक्की शिलाई, मधोमध आडवी. आतली तार तुटली का, ते बघायला दोघींपैकी कुणी ती उसवली नाही.

हे मी रागानेच लिहिते आहे. मऊ पडले असं समजू नकोस.

धाकटी


२४ मार्च

काल फोटो आले. मुदतीला दोन दिवस राहिले होते. घड्याळजींच्या दुकानातल्या पडद्यावर बघितले, त्यांनीच नंबर टाकला. तीन फोटो निघाले. आणि ऐक, तिन्हींत माझा नंबर घडी केलेल्या कापडासारखा सपाट, लांबून वाचावा असा. बाकीच्यांचे पिनेवाले दुमडलेत, उडालेत, कुणाचा नुसता एक आकडा दिसतो. ज्या शिलाईने मला यादीतून काढलं, तिनेच परत घातलं. यादीवाल्या बाईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाली, “इतका स्वच्छ नंबर माझ्याकडे आला नव्हता. कुणी लावून दिला?” मी म्हटलं, “घरचाच टेलर आहे.” तिची माफीही मागितली. तिने तिथल्या तिथे यादी सुधारली. आता तिथे लिहिलंय: २ तास, ५४ मिनिटं, १९ सेकंद. जाऊन बघ.

हे सांगून पत्र संपवणार होते. चार ओळींचं, ठसक्यात. तुझं वाक्य तुला परत करणार होते.

पण दुसरा फोटो सोबत पाठवते आहे. तो नीट बघ.

सोळाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाजवळचा आहे. डावीकडे मी. मान खाली, तोंड उघडं, एक हात हवेत. मी तुझ्याशी भांडते आहे. अकरा तारखेच्या पत्रात लिहिलं होतं ना, सोळा-सतराच्या दरम्यान, तो हाच क्षण. उजवीकडे, दोरीच्या पलीकडे, बघणाऱ्यांत निळ्या कोटातली एक बाई आहे. कोटाला डाव्या बाजूला तिरका खिसा. असा तिरका खिसा जगात एकच बाई लावते, कात्री काढायला सोपी जाते म्हणून. मी त्या खिशाला हजार वेळा नावं ठेवली आहेत.

तुझ्या-माझ्यात चार हातांचं अंतर आहे. आणि तुझं तोंड दुसरीकडे आहे. टाचा उचलून, मान लांब करून तू मागे बघते आहेस, जिकडून सगळ्यात शेवटचे येतात तिकडे.

घड्याळजींनी मला पाणी दिलं. चोच करून प्यावं लागलं, नाहीतर पुन्हा नाकात गेलं असतं.

आलीस तर. उत्तर नको असं लिहिलेल्या पत्रावर नऊ तासांची बस पकडून आलीस, सकाळी सातपासून रस्त्याच्या कडेला उभी राहिलीस, आणि सांगितलं नाहीस. आणि मला शोधलंस ते शेवटून. मी इतकी पुढे असेन असं तुझ्या डोक्यातही आलं नाही. याचा मला किती राग यावा ते मला कळत नाही. सगळ्यात शेवटचा माणूस येईपर्यंत तू थांबली असशील. मागून झाडूवाली गाडी आली असेल. मग यादी बघितलीस, त्यात ते तीन शब्द. ‘डोळ्यांनी दिसलं असतं तर मानलं असतं.’ मी त्यावर उंट आणि शेळ्या लिहून पाठवल्या.

तुझी चूक एवढीच की तू वेणी शोधत होतीस. कमरेपर्यंतची. ती मी दोन वर्षांपूर्वी कापली, मशीनच्या चाकात दोनदा अडकली म्हणून. ते तुला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला तो मेसेज तू स्टँडवरून पाठवलास का? परतीच्या बसची वाट बघताना? मला खात्री आहे तू तिथूनच पाठवलास. मला ते बाक ठाऊक आहे.

आता ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी मी उंबरठा ओलांडला होता. आठ वाजता मी स्टँडवर होते, तुझ्याही आधी. वर्तमानपत्रांच्या टपरीमागे उभी राहिले. तू आलीस, पोतं उतरवलंस, दोन्ही तिकिटं हातात घेतलीस. आणि तू अशीच उभी होतीस, या फोटोत आहेस तशी. टाचा उचलून, मान लांब करून, आपल्या गल्लीच्या वळणाकडे बघत. पन्नास मिनिटं. मी तुझ्या पाठीमागे होते, फार तर वीस पावलांवर. एकदा तू वळून टपरीकडे बघितलंस, तेव्हा मी खाली बसले. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. तू पायरीवर एक पाय ठेवून थांबलीस. मी तेव्हा हाक मारली असती तर तू उतरली असतीस, हे मला माहीत होतं. येत नाही म्हणायला तरी हाक मारायची होती. तेवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. बस वळणावर जाईपर्यंत तुझं डोकं खिडकीबाहेर होतं.

तू मला घरात बसलेली समजलीस, आणि मी समजू दिलं. कारण ‘आलीच नाही’ हे तुला परवडलं असतं. ‘आली, आणि पन्नास मिनिटं बघत राहिली’ हे तुला कुठे ठेवता आलं असतं? मला तरी कुठे ठेवता आलंय? एकोणिसाव्या किलोमीटरला मी कशाने रडले, ते आता तुला कळेल. पायाने नव्हे.

तुझ्यावर मी रागावलेली आहे. मशीन बांधलंस म्हणून, मालकाला कळवलंस म्हणून, शेवटून शोधलंस म्हणून, न भेटता गेलीस म्हणून. यातलं काहीही मी मागे घेत नाही. पण माझं जे आहे तेही या पत्रात घातलं आहे, आणि ते तुझ्या सगळ्यापेक्षा जड आहे.

सतरा नोव्हेंबरला पुन्हा शर्यत आहे. मी नाव घातलंय. या वेळी नंबर पिनेने लावणार. केस आखूड आहेत, टोपी पिवळी असेल, आणि मी मधल्या गर्दीत असेन, शेवटी नव्हे. सोळाव्या किलोमीटरच्या टेबलाशीच उभी राहा. आणि मी दिसले की नुसती बघू नकोस, हाक मार. त्या दिवशी मी मारली नाही, म्हणून तूही मारायची नाहीस असं करू नकोस.

नोव्हेंबर लांब आहे म्हणशील. आठ महिने कशाला थांबायचं म्हणशील. बरोबर आहे. आपल्या दोघींत आधी कुणी हाक मारायची एवढंच तर अडलं होतं.

ताई.

ताई, मागे बघू नकोस. मी इकडे आहे.